घरी पाठवलेला माणूस

१ डिसेंबर

पतपेढीची जुनी डायरी कोरी पडली होती, ती घेतली. छापलेले वार जुळत नाहीत. तारखा जुळतात. तेवढं पुरे.

काल घरी आलो. किरणांचे शेक संपले, सोबतच्या गोळ्याही संपल्या. पाच आठवडे मुंबईत होतो. तेवढ्यात भात कापून, झोडून घरात आलं. माझा हात न लागता आलेलं हे पहिलं पीक.

निघताना डॉक्टर राजसी मॅडमनी केबिनच्या दारात संतोषला सांगितलं, "आता काही करायचं नाही. घरी घेऊन जा. आवडेल ते खाऊ घाला. मन प्रसन्न ठेवा." संतोष नुसती मान हलवत राहिला. आमच्या गावापर्यंत, चामटोलीपर्यंत एक शब्द बोलला नाही. मोठा मुलगा आहे, जबाबदारी जाणवत असणार.

मला मॅडमनी आदल्या दिवशी समोर बसवून सगळं समजावलं होतं. गाठ गुदाशयात आहे, अगदी खाली. आज कापली तर तिच्यासोबत शौचाची वाटही जाईल आणि पोटावर कायमची पिशवी बसेल. पण मशीन बंद झालं तरी किरणांचं काम आत चालू राहतं. गाठ आटत जाते. म्हणून थांबायचं. फार थांबलो तर आतलं मांस घट्ट होतं, राहिलेली गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते. तेव्हा जानेवारीत आतला फोटो काढायचा आणि मधली वेळ धरायची. ऑपरेशन त्या स्वतः करणार.

मी अंबरनाथच्या फॅक्टरीत तीस वर्षं तपासणी विभागात काढली. भट्टी बंद केल्याबरोबर माल बाहेर ओढत नाहीत, हे मला कोणी शिकवायला नको.

संध्याकाळी घरच्यांना बसवून सगळं सांगितलं. सोपं जावं म्हणून म्हणालो, "भट्टी विझलेली हाय. आता आतला ऐवज थंड होऊ द्यायचा." माझी बायको बनू तोंडाला पदर लावून आत गेली. तिला फॅक्टरीच्या गोष्टींचा पहिल्यापासून कंटाळा. बाकीच्यांनी माना हलवल्या. समजलं सगळ्यांना.

४ डिसेंबर

खालची कातडी भाजल्यासारखी झाली आहे. टेकून बसता येत नाही. दिवसातून सात-आठ वेळा जावं लागतं. मॅडम म्हणाल्या होत्या, आधी वाढेल, मग कमी होईल.

कर्जतची बहीण न कळवता आली. खरवस आणला. माझे पाय दाबत बसली. असं तिने कधी केलेलं आठवत नाही.

"दादा, काय खावंसं वाटतंय तुला? सांग, लाजू नको."

समोर खरवसच होता, म्हणून म्हणालो, "खरवस."

ती रडायला लागली.

९ डिसेंबर

जोमा आला. माझा चुलतभाऊ. आमच्या दोघांच्या शेतांमध्ये एक बांध आहे. बारा वर्षांपूर्वी त्याने तो हातभर माझ्या बाजूला सरकवला. तेव्हापासून बोलणं बंद. रस्त्यात समोर आलो की तो आभाळ बघायचा, मी चपला.

आज काखेत गावठी कोंबडा धरून दारात उभा.

"कोंडा, बरा हायस ना?"

"बरा हाय."

"दिसतोस पन बरा." मग कोंबड्याकडे बघत म्हणाला, "बांध तुझा. मोजनी बघितली मी. तू बोलत व्हतास तेच खरं."

"बारा वर्सांनी बघितलीस?"

"चश्मा नव्हता."

दोघं हसलो. जाताना त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा आहे.

बांध मिळाला, हे लिहून ठेवतो. जोमा मुळात वाईट नाही. कागद नीट वाचला की त्याला पटतं.

१३ डिसेंबर

संतोषने एमआयडीसीतून रजा काढून मला बदलापूरला फोटो स्टुडिओत नेलं. कोट स्टुडिओतलाच होता, हात आखूड.

"बाबा, थोडं हसा. एवढं नको."

दीड फुटी काढायला सांगितला. मी विचारलं, एवढा मोठा कशाला? म्हणाला, किर्तीच्या लग्नात लावायला. किर्ती आमची धाकटी. मे महिन्यात लग्न आहे. लग्नात बाप असताना बापाचा फोटो कशाला? पण संतोष पहिल्यापासून हळवा. येताना खड्डा आला की स्कूटर जवळजवळ थांबवायचा आणि सॉरी म्हणायचा.

१६ डिसेंबर

सकाळी रक्त पडलं. थोडंच. तरी दिवसभर डोक्यात तेच.

आत काय चाललंय ते दिसत नाही. फॅक्टरीत मी नगाला मापाचं गेज लावायचो. आत गेलं तर पास, अडकलं तर नापास. मधलं काही नसायचं. आता सगळं मधलंच आहे. गाठ आटत असेल. वाढतही असेल. दोन्हीला बाहेरून एकच तोंड.

मॅडमना फोन केला. भाजलेल्या जागेतून एवढं येतं म्हणाल्या, वाढलं तर लगेच या. वाढलं नाही.

उन्हं उतरल्यावर शेतात गेलो. भाताच्या राहिलेल्या ओलीवर वाल वर आलेत. वरून पाणी नाही दिलेलं. फुलं धरलीत.

१९ डिसेंबर

धाकटा सनी उल्हासनगरला असतो. कॅम्प दोनमध्ये एका सिंधी सेठच्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. आज आला तो तणतणतच. मी आत पडलो होतो. ओटीवर तो आणि संतोष बोलत होते, तुकडे कानावर आले.

"असं कसं घरी पाठवलं? आणि तू गप ऐकून घेतलंस?"

"हळू बोल."

"फाइट तरी मारायची ना यार. मी नाय सोडनार."

"त्यांना आता त्रास नको, सनी. आहेत तोवर नीट…"

पुढचं ऐकू आलं नाही. माझ्यासाठी दोघं भांडतात, बरं वाटलं. सनीला थांबणं लहानपणापासून जमत नाही. शाळेतही हा घंटा व्हायच्या आधी दारात.

मग आत येऊन माझ्या उशाशी बसला. "पप्पा, सेठच्या वळखीचा सर्जन हाय. टॉप माणूस. उद्या एकदा दाखवू. माझ्यासाठी."

२० डिसेंबर

कॅम्प दोन. खाली कापडाची दुकानं, वर दुसऱ्या मजल्यावर नर्सिंग होम. सेठ स्वतः आला होता. "फिकर नको, साईं. अपना ही डॉक्टर है."

सर्जन तरुण. घाईत होता, पण कागद शेवटपर्यंत वाचले.

"काका, सोमवारी घेऊ. गाठ काढतो, खालचा मार्ग बंद करतो. पिशवी कायमची. पण विषय संपला."

"थांबलो तर वाट वाचेल?"

"वाचेल किंवा नाही वाचणार. माझा स्वभाव आहे, हातात आहे तोवर काढायचं. पण तुम्ही जिथे दाखवताय त्यांनी थांबा म्हटलं असेल तर विचार करूनच म्हटलं असेल." सरळ माणूस वाटला.

त्याने पिशवी दाखवली. हातात घेऊन उलटसुलट बघितली. चांगली वस्तू आहे. माणसं ती लावून नोकरी करतात, शेती करतात. मला तिची लाज नाही. पण गेज न लावताच नग बाद करणं मला कधी जमलं नाही.

"नको," म्हणालो.

खाली रस्त्यावर सनीचा आवाज चढला. "पिशवी लागंल तर लागू दे ना! माणूस तर राहील!"

"माणूस राहतोयच की."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग नाक पुसलं. "काय खानार, पप्पा? दाल पकवान खाऊ चला. तुम्हाला आवडतं."

पोटाला चालणारं नव्हतं. अर्धं खाल्लं. उरलेलं त्याच्या पुढ्यात सरकवलं, तर त्याने हात लावला नाही.

२७ डिसेंबर

किर्तीचं लग्न मे महिन्यातून काढून सोळा फेब्रुवारीला आणलं. हॉल रिकामा मिळाला म्हणे. मुलाकडचे अंबरनाथचे, ते लगेच तयार झाले. चांगली माणसं आहेत, माझी चौकशी करताना आवाज खाली करतात.

किर्ती भडकली होती. "मला विचारलं का कोणी?"

"तुला काय विचारायचं?" बनू म्हणाली. "गप ऱ्हा."

थोड्या वेळाने किर्ती माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, तुमचं ऑपरेशन कधी?"

"जानेवारीत फोटो निघाला की ठरंल."

"पण होणार ना?"

"मग काय उगाच थांबलोय?"

"मी तेच म्हणते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे काहीतरी जोरात आपटलं. लग्नाआधी मुली चिडक्या होतात.

७ जानेवारी

जळजळ गेली. रक्त नाही. रोज नदीच्या पुलापर्यंत चालून येतो, मॅडमनी चालायला सांगितलं आहे.

मुंबईहून आलो तेव्हा बावन्न किलो होतो. आज रेशन दुकानाच्या काट्यावर उभा राहिलो, अठ्ठावन्न. होणारच. दिवस उगवला की कोणी ना कोणी डबा घेऊन दारात. कोळंबी, खाडीच्या निवट्या, पायाचं सूप, तांदळाच्या गोड तळलेल्या बोरांचा डबा, बहिणीचा खरवस दोनदा. आणि प्रत्येकाचा तोच प्रश्न, काय खावंसं वाटतं. गावात एवढा जिव्हाळा आहे, हे फॅक्टरीच्या पाळ्या करताना मला कळलंच नव्हतं.

काल भजनी मंडळ घरी आलं. सहज आलो म्हणाले. सगळे अभंग देह सोडण्याचे निवडले होते. मी म्हटलं, एखादी गवळण घ्या की. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग घेतली, पण जीव ओतला नाही.

२३ जानेवारी

सोमवारी फोटो काढला. आज मॅडमना भेटलो. संतोष सोबत होता, पण केबिनच्या दाराशी म्हणाला, "मी बाहेर थांबतो, बाबा. मला नाही ऐकवणार." त्याला हॉस्पिटलचा वास सहन होत नाही.

मॅडमनी पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी लावले. गाठ निम्म्याहून लहान झाली आहे. मला स्पष्ट दिसली. पण खालच्या कडेला अजून धरून आहे.

"आज केलं तर कायमची पिशवी जवळजवळ नक्की," मॅडम म्हणाल्या. "आटायचा वेग चांगला आहे. अजून तीन-चार आठवडे दिले तर वाट वाचवता येईल, असं मला वाटतं. खात्री देत नाही. आणि त्यापुढे मी थांबणार नाही. तुमच्या बाबतीत त्यापुढे फायदा नाही, नुकसान आहे. निर्णय तुमचा."

"थांबतो."

"घरी विचारायचं आहे?"

"घरी सगळं माहीत आहे. ते पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत आहेत."

पंधरा फेब्रुवारीला दाखल व्हायचं. सतराला ऑपरेशन.

बाहेर येऊन संतोषला म्हणालो, "अजून थांबायचंय." त्याने माझा हात हातात घेतला. "बरं, बाबा." एवढंच.

तारीख ऐकली तेव्हा लग्न डोक्यात आलं नाही. अर्ध्या वाटेवर आलं.

२४ जानेवारी

सनीला बोलावून घेतलं. सगळे बसल्यावर सांगितलं, "पंधराला दाखल व्हायचंय. लग्न होतं तसं मेमध्ये न्या."

मग संतोष म्हणाला, "बाबा, तुमचं ते… जे काय आहे ते आठ दिवस पुढे ढकलू."

"नाय ढकलायचं. दोन महिने ही वेळ धरायला बसलोय. आधी घाई नको म्हनून बसलो, आता उशीर नको. ही वेळ गेली की आत सगळं घट्ट होतं."

"पन काय करनार तिथे?" सनीने विचारलं.

"काय म्हंजे? ऑपरेशन."

"ऑपरेशन? कसलं ऑपरेशन?"

"ज्यासाठी थांबलोय ते!"

बनू खालमानेने बसली होती. म्हणाली, "तुमाला अजून तिथे तसंच सांगतात?"

"तसंच म्हंजे कसं?"

किर्ती भिंतीला टेकून उभी होती. "सांगा की आता. नाहीतर मी सांगते."

मग बनूनेच सांगितलं. "डॉक्टरीनबाई बोलली ना संतोषला. आता काय करायचं नाय, घरी न्या, आवडंल ते खाऊ घाला. माझ्या बापाला असंच बोलून धाडलेला. जोमाच्या आईला पन. पंधरा दिस काढले नाय कोनी. लेकीचं तुमच्या डोळ्यादेखत व्हावं म्हनून धावपळ केली."

मी संतोषकडे बघितलं. "मी तुम्हाला भट्टीचं सांगितलं व्हतं."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला धीर यावा म्हणून डॉक्टरांनी तशी गोष्ट सांगितली."

"आणि तुमी माना हलवल्या."

"हो."

"तो फोटो?"

संतोषने खाली बघितलं. सनी एकदम हसायला लागला. हसता हसता त्याचं हसणं बिघडलं, तो उठून मोरीत गेला आणि तोंड धुऊन आला.

दिसतं ते लिहायचं, वाटतं ते नाही, ही माझी तीस वर्षांची सवय. मागची पानं उलटून बघितली. खरवस, कोंबडा, कोट, गवळण. सगळं दिसलं होतं. बरोबर नोंदवलं होतं.

बनू म्हणाली, "लग्न मेमध्ये नेलं आणि तुमाला काय झालं तर?"

"तर वर्सभर थांबायचं."

"मी थांबेन," किर्ती म्हणाली. "मला तरी कुठे घाई होती."

३० जानेवारी

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं. बनूला घेऊन गेलो. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास नाही. तिने उघड सांगितलं.

राजसी मॅडम भेटल्या. बनूने नमस्कार केला, बसली नाही. "खरं सांगा, बाई. यांना घरी का धाडलं व्हतं?"

मॅडमना आधी प्रश्नच कळला नाही. मी सांगितलं. बांधाचं सोडून सगळं सांगितलं. मॅडम उठल्या, टेबलाच्या अलीकडे आल्या आणि बनूला खुर्चीत बसवून तिच्यासमोर बसल्या.

"मावशी, मी तसंच म्हणाले होते. पुढचं वाक्य मी बोलायला हवं होतं. घरी न्या, म्हणजे तयार करून परत आणा."

"म्हंजे सोडलेलं नाय?"

"नाही. वाट बघत होतो."

मग मॅडमनी माझा वजनाचा आकडा बघितला आणि पुन्हा काट्यावर उभं केलं. साठ. "हे सहसा होत नाही. बहुतेक लोक या दिवसांत खंगतात. जखम भरायला याचा फार उपयोग होईल. काय खाऊ घातलंत?"

"काय नाय," बनू म्हणाली. "मरनार म्हनून सगळ्यांनी आनून दिलं."

मॅडमनी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग बनूही हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

उठताना तिने विचारलं, "वाट वाचंल?"

"प्रयत्न करणार. आत गेल्यावरच कळेल. वाचली तरी काही महिने पोटावर तात्पुरती पिशवी राहील, आतला जोड भरेपर्यंत."

"आणि मानूस?"

"त्याच्यासाठीच करतोय, मावशी."

५ फेब्रुवारी

गावभर झालं. आता भेटायला येणारे वेगळंच बघतात, जरा फसवल्यासारखं. भजनी मंडळातले म्हणाले, आधी बोलायचं ना, सगळ्या गवळणीच घेतल्या असत्या.

घरात सगळे मोकळे झालेत. सनी फोनवर सेठला सांगत होता, "मेरा बाप सब जानता था."

मी काही जाणत नव्हतो. दोन महिने भीती त्यांच्याकडे होती. आता त्यांनी ती खाली ठेवली आणि ती माझ्याकडे आली. उल्हासनगरच्या सर्जनने सोमवार दिला होता, तेव्हाच कापून टाकलं असतं तर आज जखम भरत आली असती. मी वाट वाचवायला थांबलो आणि दोन्ही गेलं तर? जानेवारीत निम्मी झालेली गाठ आज काय करते आहे, कोणाला माहीत?

पुलापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. सतरा तारीख बदलायची नाही. एवढंच पुन्हा पुन्हा ठरवत होतो.

१४ फेब्रुवारी

पिशवी भरली. म्हणजे कपड्यांची.

जोमा आला. या वेळी हात रिकामे. दारातूनच म्हणाला, "मरनार नायस असं ऐकलं."

"उद्या दाखल व्हतोय. बघू."

"मी मरनाऱ्या मानसाला बांध दिला व्हता."

"मग घे परत."

"कसा घेऊ? सगळ्या गावाला सांगून बसलोय."

"आणि मोजनी? चश्मा?"

"कसली मोजनी? बघितलीच नाय मी."

"मग आल्यावर दोघं मिळून मोजू."

त्याने उंबऱ्यावर पायाचा अंगठा घासला. "आल्यावर म्हंजे ये मग. टेप मी आनतो. तू नाय आलास तर मी कोनाशी मोजू?"

निघून गेला. जाताना आभाळ बघितलं नाही.

१६ फेब्रुवारी

वॉर्ड. पोट साफ करायचं औषध पोटात, जास्त लिहीत नाही.

आज किर्तीच्या लग्नाचा दिवस असता. ती इथे आहे, खुर्चीत पाय वर घेऊन बसली आहे आणि होणाऱ्या नवऱ्याशी फोनवर भांडते आहे. छान भांडते.

दुपारी सिस्टर आली. मला बसवलं, उभं केलं, वाकवलं आणि पोटावर पेनाने दोन खुणा केल्या. उजवीकडची तात्पुरत्या पिशवीसाठी. डावीकडची कायमच्या. जसं लागेल तसं डॉक्टर वापरतील, म्हणाली.

म्हणजे उद्या शुद्धीवर आलो की विचारायची गरज नाही. हात लावला की कळेल.

बनू दोन्ही खुणांकडे बघत होती. मग तिने उजवीकडच्या खुणेला बोट लावून ते कपाळाला लावलं.

२१ फेब्रुवारी

आज बसून लिहिता येतं आहे.

त्या दिवशी आधी आवाज आले. मग थंडी. डोळे उघडत नव्हते. हात जड होता, नळ्या होत्या. हात ओढत पोटावर आणला. डावीकडे नुसती कातडी. पेनाची खूण अजून असेल तिथे.

उजवीकडे पिशवी.

१० मार्च

घरी येऊन आठवडा झाला. काढलेल्या भागाचा अहवाल आला. गाठीच्या जागी जिवंत पेशी थोड्याच उरल्या होत्या, आणि कापलेल्या कडा स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, अजून तपासण्या आहेत, काही वर्षं नजर ठेवायची आहे. पिशवी उन्हाळ्यानंतर, आतला जोड तपासून काढायची. म्हणजे पुन्हा थांबायचं. किर्तीच्या लग्नात ती माझ्या सदऱ्याखाली असेल. असू दे. ती बदलायला मी शिकलो आहे. सनी माझ्याआधी शिकला.

संतोषने दीड फुटी फोटो माळ्यावर लपवला होता, तो मी काढायला लावला. लग्नात लावायचा म्हणाला होता, तर लावायचा. मी शेजारी उभा राहीन.

जोमा टेप घेऊन दोनदा आला. मला अजून वाकता येत नाही. म्हटलं, घाई करू नको. म्हणाला, तुझं हे थांबायचं आता पुरे कर.

दुपारी कर्जतची बहीण आली. पायाशी बसली, पाय दाबायला हात पुढे केला, मग मागे घेतला.

"दादा, काय खावंसं वाटतंय तुला?"

मी विचार करत होतो. कोळंबी म्हणावं असं मनात आलं होतं.

आतून बनूचा आवाज आला. "त्यांना काय इचारते? जे केलंय ते खातील. दुधी केलाय."

मला दुधी आवडत नाही. दोनदा मागून घेतला.